अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतली चिखलफेक कशी तपासावी?

अमेरिकेत दर चार वर्षांनी नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान होतं. त्याआधीचे काही महिने टीव्हीवर जाहिरातींचा मारा चालतो आणि त्यातल्या कितीतरी जाहिराती समोरच्या उमेदवाराचे वाभाडे काढण्यासाठीच बनवलेल्या असतात. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या अनेक मराठी घरांत आता मतदार आहेत आणि त्याच क्लिप इकडे पुण्या-नाशकातल्या आईवडिलांच्या फोनवरही येतात. ही तपासणी दोघांनाही जमेल. ‘खरं की खोटं’ हा प्रश्न मी मुद्दाम पहिला ठेवलेला नाही, कारण सर्वांत घातक हल्ले बहुतेकदा खऱ्या तपशिलांतूनच रचलेले असतात.

१. पैसे कोणाचे, ते आधी पाहा

२००२ च्या कायद्यानुसार टीव्हीवरच्या स्वतःच्या जाहिरातीला आपली मान्यता आहे, असं उमेदवाराला आपल्या तोंडाने सांगावं लागतं. ते वाक्य नसेल तर शेवटची बारीक अक्षरं वाचा. जाहिरात बहुधा बाहेरच्या, म्हणजे उमेदवाराच्या प्रचारयंत्रणेत नसलेल्या, गटाची निघेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानंतर अशा स्वतंत्र गटांच्या खर्चाला मर्यादा उरलेली नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. उमेदवाराच्या जाहिरातीतल्या मजकुराला प्रसारण केंद्रं कात्री लावू शकत नाहीत, तशी कायद्यानेच मनाई आहे. बाहेरच्या गटाची जाहिरात मात्र ती नाकारू शकतात. म्हणून ‘टीव्हीवर आलंय म्हणजे कोणीतरी तपासलंच असेल’ हे मनातून काढून टाका.

२. आवाज आणि चित्र वेगळे करा

यासाठी १९८८ ची निवडणूक मुळातून पाहावी. एका बाजूला रिपब्लिकन पक्षाचे थोरले जॉर्ज बुश, दुसऱ्या बाजूला मॅसॅच्युसेट्सचे डेमोक्रॅट गव्हर्नर मायकल डुकाकिस. त्या राज्यात खुनाच्या कैद्यांनाही फर्लो, म्हणजे तुरुंगातून थोड्या दिवसांची रजा, मिळत असे. फर्लोवर सुटून परागंदा झालेल्या अशा एका कैद्याने मेरीलँडमध्ये एका जोडप्यावर अत्याचार केले. बाहेरच्या एका गटाने त्या कृष्णवर्णीय कैद्याचा चेहरा दाखवून जाहिरात केली. पाठोपाठ बुश यांच्या प्रचारयंत्रणेची जाहिरात आली : फिरत्या दरवाजातून कैदी तुरुंगात जाताहेत आणि तसेच बाहेर पडताहेत. निवेदक फर्लो मिळालेल्या खुन्यांबद्दल बोलतो आणि पडद्यावर ‘२६८ पळाले’ असं उमटतं.

पाहणाऱ्याला वाटतं, २६८ खुनी मोकाट आहेत. प्रत्यक्षात त्या पळालेल्यांपैकी बहुतेक जण खुनाच्या शिक्षेतले नव्हतेच. ही योजना १९७२ साली एका रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झाली, हेही जाहिरातीत नव्हतं.

तेव्हा जाहिरात एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून ऐका आणि दोन्ही वेळी काय कळलं ते कागदावर लिहा. कोणीही न उच्चारलेला आरोप त्या दोन टिपणांच्या मधल्या फटीत सापडतो.

नकारात्मक जाहिरात वाईटच असते, असं मात्र मी मानत नाही. खुनाच्या कैद्यांची फर्लो बंद करणारं विधेयक डुकाकिस यांनी १९७६ साली नकाराधिकार वापरून अडवलं होतं. त्याचा जाब त्यांना विचारणं अगदी योग्य होतं. त्यासाठी एका काळ्या माणसाचा चेहरा बुजगावण्यासारखा उभा करणं अक्षम्य होतं.

३. फुकटची प्रसिद्धी मोजा

१९६४ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या प्रचारकांनी फुलाच्या पाकळ्या मोजणारी मुलगी आणि अणुस्फोट दाखवणारी जाहिरात पैसे देऊन एकदाच दाखवली. तीत विरोधक बॅरी गोल्डवॉटर यांचं नावही नव्हतं. ती देशभर पोहोचली ती बातम्यांतून. २००४ साली डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी यांच्या व्हिएतनाममधल्या युद्धसेवेवर शंका घेणारी एका गटाची पहिली जाहिरात फक्त तीन राज्यांत लावली गेली; केबल वाहिन्यांनी तिच्यावर चर्चा करकरून ती घरोघरी नेली. वाहिनी ‘आरोपावरून वाद’ म्हणते तेव्हा ती आरोप तपासते आहे की नुसता पुन्हा वाजवते आहे, ते पाहा.

४. पक्षपात वगळण्यात शोधा

दोन्ही बाजू मांडण्याचं बंधन घालणारा प्रसारणाचा नियम १९८७ साली रद्द झाला. केबलला तर तो तसाही फारसा लागू नव्हता. रिपब्लिकनांकडे झुकणारी फॉक्स न्यूज आणि डेमोक्रॅटांकडे झुकणारी एमएसएनबीसी (२०२५ पासून तिचं नाव एमएस नाऊ) या दोन्ही वाहिन्या १९९६ मध्ये सुरू झाल्या. दोन्हींच्या संध्याकाळच्या कार्यक्रमांत बातमीपेक्षा मतच जास्त असतं. एकच भाषण दोन्हीकडे पाहा, मग भाषणं न कापता दाखवणाऱ्या सी-स्पॅन वाहिनीवर अखंड ऐका. कोणतं वाक्य कोणी गाळलं, ते लगेच कळतं.

आपल्या आवडीच्या बाजूलाही हीच कसोटी लावा. २००४ मध्येच सीबीएस वाहिनीने तेव्हाचे अध्यक्ष धाकटे बुश यांच्या लष्करी सेवेवरची बातमी अस्सलपणा सिद्ध न झालेल्या कागदपत्रांवर दिली आणि नंतर माफी मागितली. बुशविरोधकांना ती हवीहवीशी वाटत होती. अशी हवीशी वाटणारी बातमी दुप्पट तपासा.

५. फोनवरच्या आवाजावर विसंबू नका

जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना बायडेन यांच्या नकली, संगणकाने घडवलेल्या आवाजात फोन गेले : प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) मत देऊ नका. मतदानाची तारीख आणि केंद्र फक्त राज्याच्या किंवा काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) निवडणूक कार्यालयाकडूनच घ्या.

घरच्या ग्रुपवर काकांनी टाकलेली क्लिप कापलेली निघाली, तर त्यांना चारचौघांत तोंडघशी पाडू नका. मूळ भाषणाचा दुवा त्यांना वेगळा पाठवा आणि लिहा, “काका, बाराव्या मिनिटापासून ऐका ना, पुढचं वाक्य आपल्या क्लिपमध्ये नाहीये.” दुरुस्ती ग्रुपवर त्यांना स्वतःला टाकू द्या.