संस्थेचे बँक खाते अडकले होते : बदल अर्जाचा माझा अनुभव

दारव्हा तालुक्यातील आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष वारल्यानंतर बँकेने नव्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या नाकारल्या आणि देणग्या खात्यात अडकून पडल्या. ग्रामपंचायतीचा दाखला व सभेचा ठराव देऊन पाहिले. एका दलालालाही विचारले, पण उपयोग झाला नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून केलेल्या त्या खेपा फार जिवावर आल्या.

मार्ग सापडला तो तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे, जिथे कायदेशीर सल्ला मोफत मिळतो.

प्रथम यवतमाळच्या धर्मादाय कार्यालयातून, म्हणजे सार्वजनिक संस्थांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयातून, परिशिष्ट एकचा (संस्थेच्या नोंदवहीचा) प्रमाणित उतारा काढावा, कारण त्यावर ज्यांची नावे नोंदलेली असतात, बँक त्यांनाच ओळखते. आमच्या उताऱ्यावर तीन नावे दिवंगतांची निघाली. त्यानंतर सभेची सूचना, सभासदांच्या सह्यांसह उपस्थितीचे पान, ठराव, मृत्यूचे दाखले आणि नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे जोडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 खाली बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा अर्ज, दाखल करावा. मुदत बदलापासून 90 दिवसांची आहे; ती उलटली असल्यास विलंबमाफीचा अर्ज सोबतच द्यावा. आम्ही नेमके हेच विसरलो होतो. सभेची सूचना सभासदांना पोचल्याचा पुरावा जपावा, तपासणी तिथेच अडते. आदेशानंतर नोंद झालेला नवा उतारा घेऊनच बँकेत जावे. आमच्या सह्या त्यावरच बदलल्या.