स्वयंसेवक सांभाळणाऱ्यांचे प्रशिक्षण कसे आखावे

मुलांना शिकवण्यात किंवा रुग्णसेवेत जो कार्यकर्ता उत्तम असतो, त्याच्याकडेच अनेक संस्था एके दिवशी स्वयंसेवकांची जबाबदारी सोपवतात. हे काम स्वतंत्रपणे शिकावे लागते, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत प्राध्यापकाची कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमणूक झाली की त्याने उद्बोधन प्रशिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा असते. लहान संस्थांनीही ही शिस्त अंगीकारावी. त्यासाठी दोन दिवस आणि एक खोली पुरते.

प्रशिक्षणाला येताना प्रत्येक समन्वयकाने आपल्या एका स्वयंसेवकाच्या कामाचे टिपण आणावे. काम कोणते, आठवड्यातून किती तास, अडचण आल्यास कोणाला विचारायचे आणि काय मुळीच करायचे नाही, एवढे त्यात असावे. ज्याला हे टिपण लिहिता येत नाही, त्याच्या स्वयंसेवकालाही आपले काम नीट ठाऊक नसते, असे खुशाल समजावे.

सर्वाधिक वेळ अवघड संवादाच्या सरावाला द्यावा. स्वयंसेवक मानधन घेत नाही, म्हणून त्याला काही बोलू नये, अशी भीड समन्वयकाच्या मनात असते आणि तिची किंमत लाभार्थी मोजतात. अभ्यासिकेत मदतीला येणारे निवृत्त शिक्षक मुलांना शिक्षा करतात, असा प्रसंग घ्यावा. तिघांच्या गटात एकाने समन्वयक व्हावे, दुसऱ्याने शिक्षक, आणि तिसऱ्याने मत न देता केवळ उच्चारलेली वाक्ये टिपून घ्यावीत. ‘सर, मंगळवारी तुम्ही त्या मुलाला वर्गाबाहेर उभे केलेत, आपल्याकडे शिक्षा करत नाहीत,’ इतके स्पष्ट आणि आदरपूर्वक बोलता येईपर्यंत भूमिका बदलत सराव चालू ठेवावा. त्यानंतरही वर्तन न बदलल्यास स्वयंसेवकाला थांबायला कसे सांगावे, याचाही सराव व्हावा. तो टाळला तर उरलेले प्रशिक्षण फारसे उपयोगी पडत नाही.

कायद्यासाठी स्वतंत्र सत्र हवे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत स्वेच्छेने काम करणारेही येतात, त्यामुळे स्वयंसेविकेलाही अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या संस्थेत ती जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे जाते. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. ‘आधी संस्थेत चौकशी करू’ म्हणून ते लांबवता येत नाही, हे समन्वयकाला निःसंदिग्धपणे सांगावे.

तीन महिन्यांनी सर्वांना पुन्हा एकत्र बोलवावे. दरम्यान काम सोडून गेलेल्या प्रत्येक स्वयंसेवकाशी समन्वयकाने स्वतः बोलून कारण नोंदवलेले असावे, आणि त्या नोंदींवरूनच पुढील सत्राचे विषय ठरवावेत.