सातपूर-अंबडच्या कारखान्याकडे पाण्याचा हिशेब कसा मागावा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतली कंपनी धर्मग्रामाला (चर्चच्या पॅरिशला) रोपे देऊ करते तेव्हा ती जरूर घ्या, पण आधी पाण्याचा हिशेब मागा. न्यायाने जे देणे लागते ते दान म्हणून पुढे करू नये, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच प्रापंचिकांविषयीच्या आदेशात बजावले आहे. सांडपाणी शुद्ध करणे हे असेच देणे. म्हणून तर इटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, दाखवता येत नाही. नासर्डी नदी टाकळीजवळ गोदावरीला मिळते. वर जे सोडले जाते, ते तिथे पोचते.

एकच कारखाना निवडा, शक्यतो प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर क्रोमसारखा मुलामा देणारा. माहिती अधिकारात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'प्रदूषण का होते?' असे विचारलेत तर हाती काही लागत नाही, कागद मागा. मंडळाने कारखान्याला दिलेले संमतिपत्र, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायचा फॉर्म पाच (पर्यावरण विवरणपत्र) आणि घातक कचऱ्याची मॅनिफेस्ट (कचरा कुठे, किती पाठवला याची पत्रके), तीन वर्षांची.

आता गाळ बघा. क्रोमच्या पाण्यात आधी आम्ल घालून पीएच २ ते ३ वर आणतात, मग सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात. त्याने जास्त विषारी सहा-संयुजी क्रोमियम कमी विषारी तीन-संयुजी होते. त्यानंतर चुन्याने पीएच साधारण ८.५ ला नेला की क्रोमियम हिरवट गाळ होऊन खाली बसते. घाईने आधीच चुना टाकला तर सहा-संयुजी क्रोमियम बसतच नाही, पाणी पिवळे राहते. सोडायच्या पाण्यात सहा-संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला फक्त ०.१ मिलिग्रॅम आहे. सायनाइडचे पाणी या आम्लात मिसळले तर विषारी वायू सुटतो, त्यामुळे दोन्ही टाक्या वेगळ्याच हव्यात. वर्षभर प्लेटिंग चालले आणि मॅनिफेस्टवर गाळ जवळजवळ शून्य, तर एक तर पाणी शुद्ध झालेले नाही किंवा गाळ भलतीकडे गेला आहे. मंडळाने मुदत वाढवून दिली नसेल तर गाळ ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवता येत नाही, तेव्हा तारखाही तपासा.

हे आकडे घेऊन व्यवस्थापनाची भेट मागा. प्रकल्पाच्या चर्चेत स्थानिक लोकांना खास स्थान असावे, असे पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकात म्हटले आहे. त्या आधाराने प्रमुख धर्मगुरूंनाही सोबत यायला सांगता येते. तिथे नोकरीला असलेल्या धर्मग्रामातल्या माणसाकडून मात्र आतली माहिती काढू नका. बाहेर फुटली तर पहिली गदा त्याच्या पोटावर येते, आणि कामगाराची बाजू ही १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या पोपच्या परिपत्रकापासून चर्चच्या सामाजिक शिकवणीची पायाभरणी आहे.

नाल्यातले पाणी बाटलीत भरून पुरावा होत नाही. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना मंडळाने कारखानदाराला नोटीस देऊन घ्यावा लागतो. तक्रारीत तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग लिहा आणि नमुना घेण्याची मागणी करा. पोच जपून ठेवा: हरित लवादाकडे वाद न्यायचा तर साधारण सहा महिन्यांचीच मुदत असते.