आर्डुइनोवर साधा मेटल डिटेक्टर: कोड सोपाय, आधी कॉइल नीट करा

मेटल डिटेक्टर बनवायचा म्हटलं की सगळे आधी कोड शोधत बसतात, पण कोड जेमतेम वीस-तीस ओळींचा, खरी मेहनत कॉइलची आहे. ती ढिली राहिली तर धातू नसतानाही रीडिंग सरकत राहतं आणि मग कोडमध्ये काहीही बदला, फरक पडत नाही.

तत्त्व एवढंच की कॉइल आणि कपॅसिटर मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला ऑसिलेट होतात, जवळ धातू आला की कॉइलचा इंडक्टन्स (करंटच्या बदलाला विरोध करायचा गुण) किंचित बदलतो आणि फ्रिक्वेन्सी सरकते, ते आर्डुइनोने (कोड टाकून चालवायचा छोटा कंट्रोलर बोर्ड) पकडायचं. तांबं, अ‍ॅल्युमिनियममध्ये एडी करंट (धातूच्या आतच गोल फिरणारे करंट) तयार होतात म्हणून फ्रिक्वेन्सी वाढते, लोखंडाने साधारणपणे कमी होते, पण चपटा लोखंडी पत्रा कधीकधी तांब्यासारखा वागतो, त्यामुळे यावरून धातू ओळखायच्या भानगडीत पडू नका.

आता कॉइल. १५ सेंमी व्यासाच्या डब्यावर ०.४ मिमीच्या इनॅमल वायरचे २५ वेढे घाला, साधारण १२ मीटर वायर लागते. वेढे एकमेकांना चिकटून घट्ट बसले पाहिजेत, डब्यावरून काढताना चार ठिकाणी दोऱ्याने बांधा, मग सगळीकडे टेप गुंडाळून वर वार्निश किंवा इपॉक्सी. वायरच्या टोकांचं इनॅमल सँडपेपरने पूर्ण खरवडा, नाहीतर सोल्डर पकडणार नाही. हात जवळ नेला तरी रीडिंग हलत असेल तर टेपवरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून ती ग्राउंडला जोडायची, मात्र फॉइलचं वर्तुळ पूर्ण करायचं नाही, एका जागी सेंटीमीटरभर फट ठेवायचीच. फट नसेल तर ती फॉइल म्हणजे शॉर्ट झालेला एक वेढा, डिटेक्टर आंधळाच होतो.

ऑसिलेटरला ७४एचसीयू०४ आयसी घ्या, यातला यू महत्त्वाचा, इथे अनबफर्डच, म्हणजे आत जादा अ‍ॅम्प्लिफायर टप्पे नसलेला, लागतो. कॉइलचं एक टोक पिन १ ला, दुसरं ४७० ओहममधून पिन २ ला, आणि कॉइलच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा एकेक कपॅसिटर. हे दोन फिल्म टाइपचेच वापरा, स्वस्त सिरॅमिकची व्हॅल्यू तापमानाबरोबर बदलते आणि ऊन पडलं की झीरो, म्हणजे धातू नसतानाचं रीडिंग, हलतो. पिन २ वरून पिन ३ ला, आणि पिन ४ आर्डुइनो उनोच्या डिजिटल पिन ५ ला. आयसीच्या पिन १४ ला ५ व्होल्ट, ७ ला ग्राउंड, दोघांच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आयसीचे उरलेले इनपुट ५, ९, ११, १३ ग्राउंडला. एवढ्यावर ५० किलोहर्ट्झच्या आसपास फ्रिक्वेन्सी मिळते.

कोडमध्ये मात्र एक गोष्ट डोकं लावून करा. १०० मिलिसेकंदात पल्स मोजले तर आकडा येतो ५०००, धातूने ०.१ टक्का फरक पडला तर फक्त ५ चा बदल दिसणार. त्यापेक्षा उलटं करा, ५००० पल्सना किती वेळ लागला ते मोजा. टायमर १ ला बाहेरच्या क्लॉकवर, म्हणजे उनोच्या डिजिटल पिन ५ वर ठेवा, कंपेअर व्हॅल्यू (कुठवर मोजायचं तो आकडा) ४९९९ द्या, आणि इंटरप्ट (मोजणी पूर्ण झाल्याचा इशारा) आला की मायक्रोसेकंदाची वेळ घेऊन आधीची वजा करा. साधारण १,००,००० येईल, तोच ०.१ टक्का आता १०० मायक्रोसेकंद दिसतो, उनोचं घड्याळ ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने चालतं तरी पाचपट बारीक झालं ना. या वेळेचा व्हेरिएबल व्होलाटाइल (इंटरप्टमध्ये कधीही बदलू शकतो अशी खूण) ठेवा आणि लूपमध्ये वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करा. सर्व्हो लायब्ररी घालू नका, तिलाही टायमर १ लागतो, बझरचं टोन फंक्शन टायमर २ वर आहे म्हणून ते चालतं.

बेसलाइन, म्हणजे ज्याच्याशी रीडिंग ताडायचं तो झीरोचा आकडा, हळूहळू सरकती ठेवा, प्रत्येक वेळी फरकाचा चौसष्टावा भाग त्यात मिळवा, पण फरक थ्रेशोल्डच्या (धातू आहे असं मानायची मर्यादा) वर गेला की अपडेट थांबवा, नाहीतर धातूवर जरा वेळ थांबलात की तो धातूच झीरो बनून जातो. थ्रेशोल्ड २० मायक्रोसेकंदांपासून सुरू करा, सिरीयल प्लॉटरवर (आर्डुइनो सॉफ्टवेअरमधला आलेख) मोकळ्या जागेतला नॉइज बघून खालीवर करा. झीरो करायला एक बटण ठेवाच.

बाकी जोडणी सोपी आहे, फक्त कॉइलच्या जवळ लोखंडी स्क्रू नको आणि वायर हलती नको, दांड्याला टेपने बांधून टाका. पॉवर बँकेवर चालवत असाल तर काही पॉवर बँक करंट कमी बघून आपोआप बंद पडतात, तसं झालं तर दुसरी वापरा. नाणं काही सेंटीमीटरवरच लागेल, मोठं झाकण जास्त लांबून, आणि खोली वाढवायला कॉइल मोठी केलीत तर बारीक वस्तू सुटायला लागतात.