बाइकच्या टायरमध्ये सीलंट कसं घालावं

इंदूरहून ओंकारेश्वर ऐंशी किलोमीटरच्या आतच आहे. श्रावणी सोमवारी कितीतरी जण पहाटे बाइकवरच निघतात. सिमरोलच्या पुढे घाटात मागचं टायर बसलं, तर गाडी ढकलण्यावाचून गत्यंतर नाही. बाइकला स्टेपनी नसते. टायरमध्ये आधीच सीलंट असेल तर बहुतेक वेळा ही वेळ येत नाही.

सीलंट म्हणजे बारीक तंतू आणि रबराचे कण मिसळलेला दाट द्रव. चाक फिरलं की तो टायरच्या आतून, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर पसरतो. खिळा घुसला की बाहेर पडणारी हवाच त्याला भोकात ढकलते, तंतू तिथे अडकतात आणि भोक बुजतं. साधारण सहा मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला हे जमतं. टायरच्या बाजूला चीर गेली असेल तर मात्र जमत नाही, कारण ती भिंत चालताना सतत वाकते.

टायर ट्यूबलेस आहे का, हे त्याच्या बाजूवरच लिहिलेलं असतं. ट्यूबचं असेल तर दुकानदार काहीही म्हणो, सीलंटचा फार भरवसा धरू नये. खिळ्याने ट्यूब अनेकदा लांब फाटते, आणि फाटलेली ट्यूब द्रवाने सांधत नाही. ते पैसे चांगल्या ट्यूबला घालावेत. टायर गुळगुळीत झालं असेल तर आधी टायरच बदला.

बाटलीवर मात्रा दिलेली असते. बाइकच्या एका टायरला साधारण अडीचशे ते साडेतीनशे मिलिलिटर लागतं, स्कूटरला त्याहून कमी. आधी टायर नीट बघून रुतलेले खिळे, काचा काढून घ्या. गाडी मधल्या स्टँडवर लावा आणि व्हॉल्व्ह घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी येईल असं चाक फिरवा; व्हॉल्व्ह अगदी खाली असेल तर द्रव उलटा बाहेर येतो. आता व्हॉल्व्हची पिन, म्हणजे आतला हवा अडवणारा बारीक भाग, ती सोडवायच्या छोट्या चावीने हळूहळू सोडवा. हवा पूर्ण जाईपर्यंत बोट आडवं धरा, नाहीतर पिन उडून गॅरेजच्या धुळीत जाते. पिन स्वच्छ कापडावर ठेवा.

बाटली जोरात हलवा. तंतू तळाशी बसलेले असतात, आणि न हलवता ओतलं तर नुसतं पाणचट द्रव आत जातं. नळी व्हॉल्व्हला घट्ट लावून बाटली दाबत रिकामी करा. व्हॉल्व्ह पुसून पिन परत लावा. ती बसली की थांबा, जोर लावू नका. कंपनीने सांगितलेलं प्रेशर भरा. आकडा बहुधा चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. लगेच पाच-दहा किलोमीटर बेताच्या वेगाने चालवा, म्हणजे द्रव सगळीकडे बसेल. सुरुवातीला चाक किंचित थरथरल्यासारखं वाटू शकतं.

इथून पुढे मात्र माणूस निष्काळजी होतो. सीलंट असलं की पंक्चर कळतच नाही, खिळा आत राहतो आणि भोक हळूहळू मोठं होतं. म्हणून दर आठवड्याला हवा तपासा आणि महिन्यातून एकदा टायर फिरवून बघा. हवा बघताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे गेजमध्ये चिकट द्रव जाणार नाही. खिळा दिसला तर उपसून काढा, भोक खाली येईल असं चाक फिरवा, थोडं चालवा आणि पुन्हा हवा बघा. तरीही हवा उतरत असेल तर पंक्चरवाल्याकडे प्लग टाकून घ्या. त्याला आधीच सांगा, ‘आत सीलंट आहे’, म्हणजे तो जागा पुसून घेईल.

सीलंट कायमचं नसतं. दोन वर्षांच्या आसपास ते आटतं. नेमकी मुदत बाटलीवर असते. टायर बदलताना रिम पाण्याने धुऊन पुसायला सांगा, आणि नव्या टायरमध्ये नवीन बाटली घाला.