इंजिन बदललेला जुना ट्रक घेण्याआधी

विकणारा म्हणतो, "इंजिन नवीन टाकलंय, ओढायला वाघ आहे." वाघाचं नंतर बघू, आधी 'टाकलंय' म्हणजे नेमकं काय केलंय ते फोनवरच विचारून घ्या. त्याच गाडीचं फुल इंजिन काम, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त, केलं असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या गाडीचं इंजिन उचलून बसवलं असेल, डिझेल पंप वाढवून टर्बो जोडला असेल, किंवा बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचं नवं मानक) गाडीत धूर स्वच्छ करणारं युरियाचं पाणी बंद केलं असेल, तर आणखी वेगळी. पहिल्यात फक्त कामाचा दर्जा तपासायचा असतो, बाकीच्यांत कागदाचा प्रश्नही येतो. आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा. त्यालाच कां-कू होत असेल तर डिझेल जाळून तिकडे जाऊच नका.

आरसी हातात आली की नंबर प्लेटपेक्षा इंजिन नंबर, सिलिंडर आणि सीसी बघा. जुन्या टाटाच्या ६९७ इंजिनाला सहा सिलिंडर आणि ९७ मिमीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, सीसी ५६७५. त्या जागी ५.९ लिटरचं कमिन्स बसवलेलं असेल तर ते चालेल झकास, पण आरसीशी जुळणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल परस्पर करता येत नाही. त्याच जातीचं इंजिन बदललं तरी नवा नंबर आरटीओत नोंदवावा लागतो. कलम १८२अ मध्ये मालकाने नियमाबाहेर केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. बदल आधीच्या मालकाने केला हे खरं असलं, तरी रस्त्यावर अडवल्यावर उत्तर आरसीवर नाव असलेल्यालाच शोधावं लागतं. म्हणून नंबर नोंदवायचा राहिला असेल तर ते काम विकणाऱ्याने त्याच्या नावावर पूर्ण करायचं आणि मगच ट्रान्सफर. "तुम्ही करून घ्या, दोन हजार कमी द्या" हा सौदा मी तरी करणार नाही. सीएनजी किट असेल तर आरसीवर इंधनाची नोंद आणि टाकीच्या हायड्रो टेस्टचा (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीचा) दाखला बघा. ती चाचणी दर तीन वर्षांनी लागते.

गाडी बघायला सकाळी जा आणि "आम्ही येईपर्यंत स्टार्टर मारू नका" असं आदल्या दिवशी सांगून ठेवा. मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. सोबत उजेडाची बॅटरी, रॉकेलचं फडकं, कोरा कागद आणि पेन्सिल. पोचल्यावर पहिला हात रेडिएटरवर. कोमट लागला तर गाडी आधीच तापवून ठेवली आहे, आणि तापवायची गरज का पडली हे त्याला माहीत आहे.

ब्लॉकवरचा नंबर रॉकेलने स्वच्छ पुसा, बॅटरीचा उजेड आडवा मारा. आकडे एका ओळीत, एका खोलीचे हवेत. भोवतीची जागा घासलेली, एखादा आकडा उथळ, असं दिसलं तर तिथेच थांबा. कागद ठेवून पेन्सिल फिरवा, छाप घ्या, चेसी नंबरचीही घ्या. इंजिनाचं बिल मागा. भंगारातून उचललेल्या इंजिनाला बिल नसेल तर ते चोरीच्या गाडीचं नाही हे तुम्ही कुणाला पटवणार?

आता स्टार्ट. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, पंप वाढवल्याची पहिली खूण; निळा म्हणजे ऑइल जळतंय; पांढरा सुरुवातीला चालतो, गरम झाल्यावरही राहिला तर चालत नाही. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. भकाभका वाफ आणि दाब आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. याला मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, आणि पुढच्या फुल इंजिन कामाचं ते आमंत्रण समजा. डिपस्टिकवर दुधाळ फेस, पाण्यावर तेलाचा तवंग, टर्बोच्या होजमध्ये ऑइल, हे मेकॅनिक बघेलच. तुम्ही माउंटिंगकडे, म्हणजे इंजिन चेसीला जिथे धरलंय तिकडे, बघा. ब्रॅकेट गॅस कटरने कापून वेल्डिंग केलेले असतील, वायरिंगला जागोजागी टेप असेल, तर इंजिन बसवलेलं नाही, कोंबलेलं आहे.

बीएस-६ गाडी असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर इंजिन स्टार्ट न करता चावी 'ऑन'वर फिरवा. इंजिनाचा पिवळा दिवा पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझलेला पाहिजे. पेटलाच नाही तर तो मुद्दाम मारलेला असू शकतो. मग डेफच्या, म्हणजे त्या युरियाच्या पाण्याच्या, टाकीचं निळं झाकण उघडा: आट्यात धूळ साचलेली, टाकी कोरडी, तर युरिया बायपास. अशी गाडी रोज युरियाचे पैसे वाचवते हे खरं. पण पुन्हा मूळ स्थितीत आणायचा खर्च कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधीच विचारून भावातून वजा करा.

ट्रायल रिकाम्या गाडीवर घेऊ नका. रिकामी असताना सगळेच वाघ. आरसीवरच्या मर्यादेत माल भरून खंबाटकीसारखा एखादा चढ चढवा. आरपीएम वाढतोय आणि वेग तिथेच, म्हणजे क्लच सरकतोय. तापमानाचा काटा चढून खाली येत नसेल तर रेडिएटर जुनाच ठेवून इंजिन मोठं केलंय. वर पोचल्यावर गाडी थांबवून खाली वाकून बघा: क्राउनच्या (मागच्या आसातल्या गिअरच्या) हाउसिंगवर ओलं तेल दिसतं का, प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटला खेळ आहे का. उतारावर ब्रेक आणि एक्झॉस्ट ब्रेक दोन्ही वापरा. ताकद वाढवणाऱ्यांनी ब्रेककडे बघितलेलं क्वचितच असतं.

उरलेले कागद लवकर उरकतात: फिटनेस, टॅक्स, परमिट, पीयूसी, थकलेली ई-चलनं, बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, बाहेरच्या राज्याचं पासिंग असेल तर तिथल्या आरटीओच्या एनओसीचा फॉर्म २८. टोकन देताना पावतीवर इंजिन नंबर आणि "आरसीशी जुळल्यावरच उरलेली रक्कम" हे वाक्य लिहून घ्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, कोरे फॉर्म तर नकोतच. विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्या आणि त्यात इंजिन बदलल्याचं स्पष्ट लिहा, पोच घ्या. ज्याने इंजिन बसवलं त्या गॅरेजवाल्याचा नंबर विकणाऱ्याकडून घेऊन त्याच्या समोरच एकदा लावून बघा.