सहा मित्र, सहा सायकली आणि ॲमस्टरडॅमचा शनिवार-रविवार

‘ॲमस्टरडॅमला गेलात की सायकल चालवायलाच हवी’ असं सांगणाऱ्यांनी शनिवारी दुपारी डाम चौकातून पाच नवख्या मित्रांना सायकलवर घेऊन जाऊन दाखवावं. मी नेदरलंड्समध्येच राहतो. लंडन, म्युनिक, कधी थेट पुण्याहून मित्रांच्या टोळ्या येतात आणि प्रत्येक टोळीत सायकलचा हट्ट धरणारा एक जण असतोच. हट्ट जरूर पुरवावा. फक्त शनिवारी नाही आणि कालव्यांच्या काठाने तर मुळीच नाही.

आधी बाकीचं पटकन उरकू. ॲन फ्रँकचं घर बघायचं असेल तर तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं. दर मंगळवारी तिथल्या सकाळी १० वाजता सहा आठवड्यांनंतरची तिकिटं खुली होतात आणि बघता बघता संपतात. ती एकाच माणसाने सगळ्यांसाठी काढावीत. ‘ज्याने त्याने आपापलं बघा’ असं ठरलं की तिघांना सकाळची वेळ मिळते, दोघांना संध्याकाळची, आणि एक जण बुक करायचंच विसरतो. हॉटेलच्या भाड्यावर १२.५ टक्के पर्यटन कर लागतो, तो दिसणाऱ्या किमतीत धरलाय का ते बघा. कालव्याकाठच्या जुन्या घरात उतरणार असाल तर चाकांची मोठी बॅग आणू नका. तिथले जिने शिडीसारखे उभे असतात. घरांच्या माथ्यावर जे लोखंडी हूक दिसतात ते शोभेचे नाहीत, सामान दोराने बाहेरून वर ओढायला लावलेले आहेत.

ट्रेन, ट्रॅम, मेट्रो सगळीकडे बँकेचं कार्ड टेकवून आत जायचं आणि तेच कार्ड टेकवून बाहेर पडायचं. एका कार्डावर एकच माणूस. चढताना फोन टेकवला आणि उतरताना पाकिटातलं कार्ड, तर मशीनच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं आहेत, भले खातं एकच असो. ट्रॅममधून उतरताना गप्पांच्या नादात कुणीतरी कार्ड टेकवायचं विसरतोच, त्याला दारातच हटकायचं.

शनिवार पायी. सकाळी रेम्ब्रांटचं १६४२ सालचं ‘नाईट वॉच’ बघायला राइक्सम्युझियम, मग अल्बर्ट काउपचा बाजार, कारण तो रविवारी बंद असतो. तिथे तव्यावरून उतरलेली गरम स्ट्रूपवाफल (दोन पातळ चकत्यांमध्ये पाक भरलेली वाफल) घ्या, पाकिटातली नको. जेवायला सुरिनामी रोटीचं दुकान गाठा. १८७३ पासून उत्तर हिंदुस्थानातून मजूर करारावर सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, नेले गेले. १९७५ च्या स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांचे हजारो वंशज इथे आले, त्यांच्यासोबत ही रोटी आली. बटाटा आणि चवळीच्या लांब शेंगांची भाजी असते, अंडं-चिकन नको म्हणून सांगता येतं. शाकाहारी मित्राला दोन दिवस चीज सँडविचवर ठेवणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. संध्याकाळी कालव्यांवरून भटका. रेड लाइट भागात गेलात तर खिडक्यांत उभ्या असणाऱ्या बायकांकडे फोन रोखायचा नाही.

आता रविवार, म्हणजे सायकल. सकाळी लवकर निघा, शहर झोपलेलं असतं. भाड्याचं दुकान सेंट्रल स्टेशनजवळचंच घ्या. म्हणजे सायकली हातात धरून स्टेशनच्या पश्चिमेकडच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या बोगद्यातून पलीकडे जाता येतं आणि मागच्या धक्क्यावरून आयच्या पाण्यावरची फेरीबोट पकडता येते. फेरी फुकट आहे, सायकलसकट. पलीकडच्या बाउक्स्लोटरवेख धक्क्याला उतरलात की कालवे, ट्रॅमचे रूळ आणि पर्यटक पाठीमागे राहतात. या एका युक्तीने अर्धी कटकट संपते.

उरलेली अर्धी ब्रेकची. ज्याने लहानपणी ॲटलास किंवा हर्क्युलिस दामटली आहे तो इथे हमखास फसतो. भाड्याच्या पुष्कळ सायकलींना हँडलवर ब्रेकच नसतो, पेडल उलटं फिरवलं की मागचं चाक थांबतं. आपल्याकडे उतारावर पेडल गरागरा उलटं फिरवायची सवय असते, आणि थांबल्यावर टांग मारायच्या आधी पायाने पेडल मागे घेऊन वर आणायची. इथे पहिली सवय भररस्त्यात कचकन ब्रेक लावते आणि दुसरी जमतच नाही. पेडल खाली राहिलं असेल तर सायकल थोडी पुढे ढकलून ते वर आणावं लागतं. मला याची सवय व्हायला वेळ लागला. तुमच्या मित्रांना दुकानात पाच मिनिटांत होईल असं दुकानदाराला वाटतं, मला नाही. जास्तीचे थोडे पैसे पडले तरी हातब्रेकची सायकल मागा. सीट खाली करून घ्या, ती डच उंचीला लावलेली असते. दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत. लाजायचं कारण नाही.

कुलपं दोन लावायची. मागच्या चाकाचं गोल कुलूप लावून निघून जाणं म्हणजे सायकल उचलून न्यायचं आमंत्रण आहे. साखळी एखाद्या खांबाला किंवा स्टँडला अडकवा. प्रवास सुरू करण्याआधी कुलपांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते बघा.

रांगेत सगळ्यात कच्चा माणूस पुढून दुसरा आणि सगळ्यात पक्का सगळ्यात शेवटी. पक्का पुढे गेला की तो दिसेनासा होतो, मग फोन, आणि सायकल चालवताना फोन हातात धरायला इथे २०१९ पासून बंदी आहे. दोघं शेजारी-शेजारी चालवू शकतात, तिघं नाही. थांबायचं असेल तर आधी सायकलींसाठीच्या लाल पट्टीच्या बाहेर या, मग थांबा. ‘अरे, फोटो!’ म्हणून पट्टीवरच उभं राहणाऱ्याला मागून येणारी डच आजी जे सुनावते ते भाषा न येताही समजतं. वळताना हात दाखवा. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची ओळ दिसली आणि टोकं तुमच्याकडे रोखलेली असली, तर तुम्ही थांबायचं, समोरून आडवा जाणारा नाही.

वाट सोपी आहे: न्यूवेंडामच्या बांधावरची लाकडी घरं, पुढे स्खेलिंगवाउडे, मग डर्खरडाम. तिथे एका हाताला घरांची ओळ आणि दुसऱ्या हाताला नुसतं पाणी. मध्ये गाड्याही येतात, पण सावकाश. डर्खरडामला कॉफी घ्या, तिथून रान्सडॉर्पचा कळस नसलेला बुटका चौकोनी मनोरा गाठा आणि परत फिरा. पुढे ब्रूक इन वॉटरलंडपर्यंत रस्ता सुंदर आहे, पण टोळीत एक जरी नवखा असेल तर मोह आवरा. इथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडचा. जाताना तो पाठीशी असतो, त्यामुळे सगळेच जण आपण फार तंदुरुस्त आहोत अशा समजुतीत असतात. परतताना तो तोंडावर येतो. इथे चढ नाहीत, पण हा वारा चढाची कसर भरून काढतो. जायला लागला त्याच्या दीडपट वेळ परतीला धरा, आणि दुकान रविवारी किती वाजता बंद होतं ते सकाळीच विचारून ठेवा. सायकल उशिरा दिली की आणखी एका दिवसाचं भाडं बसतं, आणि ते सहा जणांत वाटताना ‘कॉफीला दुसऱ्यांदा कोण थांबलं होतं’ हा विषय स्खिपोल विमानतळापर्यंत पुरतो.